ठराव दप्तरात, पाऊल रस्त्यावर

(कार्यकर्ता-शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नगरपालिकेचे राजकारण म्हणजे ‘गटार, वॉटर, मीटर’ यांचे राजकारण, असे चेष्टेने म्हणण्याची रीत जुनी आहे. समाजपरिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्याच्या मनातही या चेष्टेचा थोडा अंश असतोच. देशाच्या अर्थनीतीवर तो दोन तास बोलेल. आपल्या वॉर्डातील गटाराची खोली किती, हे मात्र त्याला सांगता येणार नाही. महाडच्या भूमीवर तरी हा दृष्टिकोन टिकू नये. भारतातील समतेच्या लढ्याचे एक थोर पर्व याच गावच्या नगरपालिकेच्या एका ठरावाभोवती घडले, आणि त्या ठरावाचा विषय होता गावातील एक तळे. आजच्या परिभाषेत सांगायचे तर, एक सार्वजनिक जागा.

हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु नगरपालिकेच्या कारभाराच्या अंगाने तो क्वचितच वाचला जातो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला असावा, अशी त्याची शिफारस होती. सरकारने त्यानुसार आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारख्या सुधारकांचा त्यामागे आग्रह होता.

ठराव झाला आणि दप्तरात पडून राहिला. सुमारे तीन वर्षे कोणालाही त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. ज्या स्थानिक संस्था हे धोरण अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव १९२६ मध्ये बोले यांना मांडावा लागला, यावरून ही स्थिती एकट्या महाडची नव्हती हे उघड होते. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला जमलेले हजारो लोक रांगेने तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. नगरपालिकेच्या ठरावाची पहिली अंमलबजावणी ही अशी झाली. ती पालिकेने केली नाही; ज्यांच्यासाठी ठराव होता त्यांनीच ती केली, आणि त्याबद्दल त्याच दिवशी डोकी फोडून घेतली.

पुढची कथा कार्यकर्त्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. तळे खाजगी आहे असा दावा करून विरोधकांनी न्यायालयातून मनाईहुकूम आणला. हा वाद मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी रूढी असल्याचा दावा टिकला नाही. पालिकेच्या ठरावापासून न्यायालयाच्या निर्णयापर्यंत तेरा वर्षे लोटली.

या तेरा वर्षांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ठरावाने जागा सार्वजनिक होत नाही. तिचा वापर करण्याची सोय आणि निर्भयता ज्या दिवशी शेवटच्या माणसाला मिळते, त्या दिवशी ती सार्वजनिक होते. दुसरी, मिळालेला हक्क पाळत ठेवली नाही तर परतही जातो. पालिका जशी पुढे येते तशी मागेही सरते. तिसरी गोष्ट मालकीची. तळ्याभोवती ज्यांची घरे होती त्यांना ते आपले वाटत होते. रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक घरमालकाला आपल्या पायरीपुढची जमीन आजही अशीच आपली वाटते. जे पालिकेचे आहे ते सर्वांचे आहे, हे तत्त्व १९३७ मध्ये न्यायालयात टिकले. रस्त्यावर ते रोज नव्याने टिकवावे लागते.

मत नसलेला नागरिक

रस्ता, बाजार, स्थानक आणि मैदान यांच्या सुधारणेचा विचार या तीन गोष्टींच्या प्रकाशात करावयास हवा. महाड नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या आत होती. पोलादपूरची नगरपंचायत तर त्याहूनही लहान. पण या गावांचे रस्ते वापरणारी माणसे एवढीच नाहीत. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यावस्त्यांतून, खाडीकाठच्या गावांतून दररोज माणसे येथे येतात. कोणाला तहसील कचेरीत दाखला हवा असतो, कोणाला दवाखाना गाठायचा असतो, कोणी कॉलेजात येतो, कोणी औद्योगिक वसाहतीतल्या पाळीला, कोणी डोक्यावरची पाटी बाजारात उतरवायला. पोलादपुरात मुंबई-गोवा महामार्गाला महाबळेश्वरचा घाटरस्ता मिळतो. तेथे तर गावकऱ्यांच्या बरोबरीने वाटसरूंचीही वर्दळ असते.

या खेडुताचे शहर म्हणजे काय? एस.टी. स्थानकातला बाक, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, कचेरीकडे जाणारा रस्ता आणि बाजारातली सावली. त्याचे मत मात्र शहरात नसते. म्हणून कोणत्याही नगरसेवकाच्या हिशेबात तो येत नाही. पहाटेच्या गाडीने निघालेली बाई दुपारच्या गाडीपर्यंत गावात असते. स्वच्छतागृह बंद असते, किंवा जाण्यासारखे नसते. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. तिच्या या तहानेची नोंद पालिकेच्या कोणत्याही इतिवृत्तात होत नाही. १९२७ मध्ये तळ्यावर चालत आलेल्यांतही बहुसंख्य लोक बाहेरगावचे होते, कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या खेड्यांतले होते, हे येथे विसरून चालणार नाही. ‘बाहेरचे लोक’ म्हणून ज्यांना हिणवले गेले, त्यांनीच महाडचे तळे खऱ्या अर्थाने महाडच्या नगरपालिकेचे केले.

पालिकेच्या कामाची पहिली कसोटी यातून मिळते. ज्याचे येथे मत नाही, घर नाही, ओळख नाही, त्या माणसाला ही जागा कोणाचीही परवानगी न मागता वापरता येते काय? कारंजे, रंगीत दिवे, कमानी आणि नावांच्या पाट्या यांची किंमत या कसोटीवर ठरवावी. दिवसभर उघडे, पाणी असलेले आणि आतून कडी लागणारे एक स्वच्छतागृह हे दहा कमानींहून मोठे विकासकाम होय.

आधी गटार, मग रस्ता

दुसरा प्रश्न कामाच्या रीतीचा. रस्ता करणे म्हणजे जुन्या थरावर नवा थर चढवणे, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. प्रत्येक थराने रस्ता काही इंच उंच होतो आणि दोन्ही अंगांची घरे तेवढीच खाली जातात. ज्याच्याजवळ पैसा आहे तो जोते उचलून नवे घर बांधतो; भाडेकरू, विधवा बाई, हातावर पोट असलेला कारागीर यांच्या उंबऱ्यातून पावसाचे पाणी आत येते. ज्या कामाचे उद्घाटन नारळ फोडून झाले, तेच काम गरिबाच्या घरात पाणी शिरण्याचे कारण होते. जुना थर खरवडून मगच नवा घालावा, ही अट निविदेत लिहून घेणे पालिकेच्या हातात आहे. ती लिहिली जाते काय आणि लिहिल्यावर पाळली जाते काय, हे पाहणे कार्यकर्त्याच्या हातात आहे.

कामांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी पाण्याची वाहिनी, मग गटार, मग वीज आणि दूरध्वनीच्या तारा आणि सर्वांत शेवटी रस्ता, हा क्रम मोडला की दोन महिन्यांत नवा रस्ता उकरला जातो. एकाच रस्त्याचे पैसे जनता दोनदा भरते. कोणता रस्ता कोण, केव्हा आणि कशासाठी खणणार, याची एक नोंदवही ठेवून वर्षाच्या आरंभी सर्व खात्यांना एकत्र बसवणे, एवढ्या साध्या गोष्टीने मोठी उधळपट्टी थांबते. तिला निधी लागत नाही. लागते ती इच्छा.

महाडला ही शिस्त नुसत्या काटकसरीसाठी नको आहे. येथे ती जीवनमरणाची आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीला जाते. डोंगरावर पाऊस आणि समुद्राला भरती एकाच वेळी आली की मधल्या गावाची कोंडी होते. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला आणि महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडीवते आणि रोहण येथे असाच आघात झाला होता. निसर्गाचा कोप असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पाऊस डोंगरावरून येतो हे खरे. परंतु नाल्याच्या पात्रात भराव कोण टाकतो, सखल मोकळ्या जागेवर बांधकामाची परवानगी कोण देते, गटारे पावसाळ्यापूर्वी उपसली जातात की फक्त त्यांची बिले काढली जातात, हे प्रश्न मनुष्यनिर्मित आहेत.

पूर येणाऱ्या गावात मोकळी जागा ही चैनीची वस्तू नव्हे. मैदान, नदीकाठ, ओढ्याचा काठ ही पाण्याने पसरण्याची जागा आहे. ती बुजवली की ते पाणी कोणाच्या तरी घरात पसरते, आणि बहुधा सखल भागातल्या गरिबाच्या घरात पसरते. म्हणून या जागांचे रक्षण हे पालिकेचे पहिले पूरनियंत्रण होय. त्याचबरोबर प्रत्येक आळीत पुराच्या पातळीची ठळक खूण भिंतीवर असावी. वर चढून जाण्याजोगी शाळा वा सभागृह कोणते, त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना तेथे कोण नेणार, हे मे महिन्यातच ठरलेले असावे. इमारतींची तपासणीही याच यादीत येते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुरा भागात जेमतेम दहा वर्षांची पाच मजली इमारत कोसळून सोळा जीव गेले. परवानगीचा कागद आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत किती अंतर असू शकते, हे त्या दिवशी दिसले. ठराव आणि अंमल यांच्यातील १९२४ चे अंतर ते हेच. रूप तेवढे निराळे.

रस्ता कोण झाडतो, रस्त्यावर कोण बसतो

रस्त्याच्या सुधारणेची चर्चा करताना रस्ता झाडणाऱ्याचा विसर पडतो. पुरानंतर घराघरांतून निघालेला चिखल आणि सडलेला माल ज्यांनी उचलला, त्यांत गावोगावचे तरुण होते, इतर महापालिकांची पथके होती आणि पालिकेचे सफाई कामगारही होते. इतर वेळी हा कामगार ठेकेदाराच्या वहीतला एक आकडा असतो. त्याला किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, हातमोजे, गमबूट आणि आठवड्याची सुट्टी मिळते काय, हे ज्या पालिकेला ठाऊक नाही तिने स्वच्छतेचा पुरस्कार मागू नये. माणसाला गटारात उतरवून त्याच्याकडून मैला उपसून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. समाजवादी कार्यकर्त्याने स्वच्छतेचा प्रश्न या बाजूने मांडला पाहिजे.

दुसरा विसर पडतो तो फेरीवाल्यांचा. ‘रस्ते मोकळे करा’ ही घोषणा निघाली की पहिली टोपली उचलली जाते ती डोंगरातून रानभाजी घेऊन आलेल्या कातकरी बाईची. रस्त्यावर आलेली पक्की पायरी आणि दुकानाची वाढीव पत्र्याची पडवी जागच्या जागी राहते. २०१४ चा पथविक्रेता कायदा याविषयी अगदी स्पष्ट आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असले पाहिजेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. या समितीत एखादी पाटीवाली बाई बसते काय? बसत असेल तर तिला बोलू दिले जाते काय? चालणाऱ्याला वाट हवी आणि विकणाऱ्याला जागा हवी, या दोन्ही मागण्या गरिबांच्याच आहेत. त्यांची सांगड घालणे, ठराविक वेळी बाजाराचा रस्ता वाहनांना बंद ठेवणे, बसण्याच्या जागा आखून देणे, ही कामे पालिकेने करावयाची आहेत. दोन गरिबांना एकमेकांविरुद्ध उभे करून मोटारीला वाट करून देणे, याला नगरसुधारणा म्हणता येणार नाही.

अधिकार आहे, वापर नाही

पालिकेला अधिकारच नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ याच्या ४९ व्या कलमात रस्त्यांवर दिवाबत्ती, सफाई, रस्त्यांतले अडथळे दूर करणे, रस्ते, गटारे, मोऱ्या, बाजार आणि स्वच्छतागृहे बांधणे व राखणे ही पालिकेची आवश्यक कर्तव्ये म्हणून नमूद आहेत. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात अठरा विषयांची यादी दिली. रस्ते व पूल, उद्याने व क्रीडांगणे, दिवाबत्ती, बसथांबे, सार्वजनिक सुविधा हे सारे तीत आहे. पैशाच्या बाबतीत मात्र पालिका राज्याच्या दाराशी उभी असते आणि अनुदान योजनेचे नाव कपाळावर लावून येते. त्यामुळे गावाला हवे ते काम मागे पडते आणि योजनेत बसणारे काम पुढे येते.

घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत. महाड-पोलादपूरसारख्या गावांना ती सक्ती नाही. पण वॉर्डाची सभा भरवण्यास मनाईदेखील नाही. लहान गावात सर्वांना सर्व ठाऊक असते. तेथे तर ही सभा अधिक सहज व्हावी. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे या शहरात तेथील कामगार पक्षाने सत्ता मिळाल्यावर १९८९ पासून शहराच्या भांडवली खर्चाचा अग्रक्रम वस्त्यांच्या सभांतून ठरवण्याचा प्रयोग सुरू केला. लोकांनी सर्वप्रथम मागितले ते पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि वस्तीतले पक्के रस्ते. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्यास आरंभ केला. सुचवणे आणि ठरवणे यांत अंतर आहे हे मान्य करूनही, आरंभ म्हणून त्याचे मोल आहे.

महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांत मुदत संपूनही वर्षानुवर्षे निवडणुका झाल्या नाहीत आणि प्रशासकांनी कारभार पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी मतदान झाले. लोकप्रतिनिधी नव्हते त्या काळातही रस्ते झाले, बिले निघाली; विचारणारा मात्र कोणी नव्हता. निवडणूक झाल्याने विचारणारा आपोआप जन्माला येत नाही. ते काम संघटनेचे आहे.

यासाठी कार्यकर्त्याला मोठ्या साधनांची गरज नाही. त्याने आपल्या वॉर्डातून दिवसा एकदा आणि रात्री एकदा चालत जावे; शक्य तर एखाद्या म्हाताऱ्या बाईबरोबर आणि शाळेच्या मुलीबरोबर जावे आणि त्या जेथे थांबतात, वाकडी वाट करतात किंवा घाबरतात ती ठिकाणे लिहून काढावीत. एस.टी. स्थानकावर उतरणाऱ्या खेडुताला काय हवे ते विचारावे. चालू कामाची निविदा, तिची रक्कम, ठेकेदार, मुदत आणि गटाराची मंजूर खोली माहितीच्या अधिकाराखाली मागवून, तीच माहिती कामाच्या जागी मराठीत फलकावर लावण्यास पालिकेला भाग पाडावे. मे महिन्यात गटारांची पाहणी लोकांसमक्ष व्हावी. सर्वसाधारण सभेत कोणते ठराव झाले आणि मागच्या वर्षीच्या ठरावांचे काय झाले, याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर सभेत वाचून दाखवावा. विरोधी बाकावरच्या सभासदानेच हे करावे असे नाही. सत्तेतल्या सभासदाने केले तर ते अधिक शोभेल.

२० मार्च २०२७ या दिवशी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी येते. सोहळे होतील, रोषणाई होईल, दूरदूरहून माणसे येतील, आणि ते योग्यच आहे. त्या माणसांना प्यायला पाणी, बसायला सावली, स्त्रियांना स्वच्छतागृह आणि तळ्यापर्यंत चालत जायला निर्धोक वाट मिळावी, ही त्या ठरावाची किमान अंमलबजावणी होय. ती एका दिवसापुरती असू नये. सोहळा आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने डोंगरातून येणाऱ्या बाईलाही ती तशीच मिळाली पाहिजे. १९२४ चा ठराव तिच्याच नावे झाला होता. त्याची बाकी अजून फिटावयाची आहे.